कोरियन भाषेत काळजी कशी व्यक्त करायची: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कोरियन शिकायला लागलं की 'क्वेन्छानायो?' हा शब्द लगेच पाठ होतो. 'ठीक आहात ना?' एवढाच त्याचा अर्थ. मालिकांमध्ये सतत कोणी ना कोणी कोणाला तरी हे विचारत असतं. पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारी बाईंचा चेहरा खरंच उतरलेला असतो, किंवा घरमालकीणबाईंच्या आईला दवाखान्यात ठेवलेलं असतं, तेव्हा त्या एका शब्दापुढे गाडी सरकत नाही. मनात पुष्कळ असतं, पण तोंडातून काही निघत नाही.

मी पुण्यात कोरियन शिकले आणि आता दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये नोकरी करते. रांजणगाव, तळेगाव, शेंद्रा, विळे-भागाड इथल्या कोरियन कारखान्यांत काम करणारे ओळखीचे लोकही मला हाच प्रश्न विचारतात. कामाचं कोरियन जमतं, मायेचं जमत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'मला तुमची काळजी वाटते' हे वाक्य कोरियन माणूस त्या मानाने कमी बोलतो. तो विचारतो: जेवलात का, झोप झाली का, घरी पोचलात का. त्यामुळे भावनेचं वाक्य नंतर शिका, आधी हे प्रश्न शिका. आणि प्रश्न कोणत्या रूपात विचारायचा हे समोर कोण आहे त्यावर ठरतं.

हाताशी काय हवं

- हांगुल लिपी. १४ मूळ व्यंजनं आणि १० मूळ स्वर, एकूण २४ अक्षरं. दोन आठवडे रोज थोडा वेळ दिला तर वाचता येऊ लागतं. या लेखात उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण ते फक्त आधारापुरते. लिपी टाळून पुढे जाऊ नका.
- कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा 'मूलभूत कोरियन शब्दकोश'. महाजालावर फुकट आहे आणि त्यात उच्चार ऐकता येतात.
- किंग सेजॉङ इन्स्टिट्यूटचे वर्ग किंवा त्यांचे ऑनलाइन धडे.
- पापागो हे भाषांतराचं ॲप. इंग्रजीतून कोरियन करताना त्यात आदरार्थी रूपाचं बटण असतं, ते चालू ठेवा.
- फोनवर कोरियन कीबोर्ड, आणि तिथल्या लोकांशी बोलायचं असेल तर काकाओटॉक हे निरोपांचं ॲप.

उच्चाराबद्दल थोडं

इथे 'ऑ' लिहिलं आहे तिथे ओठ फार गोल करू नका. 'उ' म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणा, 'ऊ' म्हणताना गोल करा. हे दोन वेगळे स्वर आहेत. 'ङ' म्हणजे 'वाङ्मय'मधला. च आणि ज हे 'चहा' आणि 'जिल्हा'मधले, 'चाक' आणि 'जाळं' यांतले नव्हेत. फ हा 'फळ'मधला, ओठ पूर्ण मिटून काढायचा. 'फॅन'सारखा वाऱ्याचा नाही. ख, छ, थ, फ हे आपल्याला जन्मापासून येतात, त्यामुळे बऱ्याच परदेशी विद्यार्थ्यांना जिथे महिनोन्महिने लागतात तिथे मराठी माणूस सहज पुढे जातो.

## १. समोर कोण आहे ते आधी ठरवा

कोरियन बोलीत दोन मोठे थर आहेत. जवळच्यांशी आणि लहानांशी 'पान्माल', बाकी सगळ्यांशी 'चोन्देन्माल'. एकच प्रश्न तीन रूपांत असा दिसतो:

- मैत्रिणीला, धाकट्या भावाला: क्वेन्छाना?
- सहकाऱ्याला, ओळखीच्या माणसाला: क्वेन्छानायो?
- वरिष्ठांना, वयाने मोठ्यांना, अनोळखी माणसाला: क्वेन्छानुसेयो?

शंका असेल तर तिसरं रूप वापरा. जास्त आदर दाखवल्याने फारसं बिघडत नाही. आपण आईला 'तू' म्हणतो तसं अनेक कोरियन लोकही आईशी पान्मालमध्येच बोलतात, पण तेवढ्यावरून मित्राच्या आईशी तसं बोलू नका.

'तुम्ही' या अर्थाचा सर्वनामी शब्द शोधत बसू नका. पुस्तकात 'तांगशिन' सापडेल, पण समोरच्याला तसं म्हटलं तर ते भांडणाच्या सुरात लागू शकतं. त्याऐवजी पद किंवा नातं घ्या: टीम लीडरला 'थिम्जाङनिम', शिक्षकांना 'सॉन्सेङनिम', आपल्याआधी कॉलेजात किंवा कंपनीत आलेल्यांना 'सॉन्बेनिम'. बरोबरीच्या सहकाऱ्याला पूर्ण नावापुढे 'शी' लावा. नुसत्या आडनावाला 'शी' लावणं उद्धट वाटतं, हे लक्षात ठेवा.

मोठ्यांसाठी काही शब्दच बदलतात. आजारी असणं साधेपणी 'आफुदा', पण आजोबांबद्दल 'फ्यॉन्छानुशिदा'. जेवण साधेपणी 'पाप', सहकाऱ्यांत 'शिक्सा', वयोवृद्धांसाठी 'चिन्जी'. झोपणं 'चादा', मोठ्यांचं झोपणं 'चूमूशिदा'. एवढे शब्द आधी पाठ करा, कारण काळजीचे प्रश्न नेमके जेवण, झोप आणि तब्येत यांभोवतीच फिरतात.

## २. 'काळजी'चे तुकडे करा

आपण काळजी करतो, काळजी घेतो, आपल्याला काळजी वाटते, निरोप देताना 'काळजी घे' म्हणतो. हे सगळं एकाच शब्दात बसतं. कोरियनमध्ये ते वेगवेगळ्या ठिकाणी जातं आणि मराठीभाषकाची गल्लत नेमकी इथे होते.

'कॉक्चॉङ' म्हणजे फक्त चिंता. त्याची दोन क्रियापदं होतात आणि सुदैवाने आपल्या 'वाटणे' आणि 'करणे' यांच्याशी ती छान जुळतात:

- ऑमॉनिगा कॉक्चॉङ द्वेयो: मला आईची काळजी वाटते.
- ऑमॉनिगा कॉक्चॉङहासेयो: आई काळजी करते.

दोन्हीकडे 'ऑमॉनिगा' तसंच राहतं, काळजी कोणाची आणि कोणाला हे क्रियापदावरून कळतं. हा फरक चुकला तर ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो, म्हणून ही जोडी मोठ्याने म्हणून पक्की करा.

आजारी आजींची काळजी 'घेणं' मात्र कॉक्चॉङ नव्हे. त्याला 'तोल्बोदा' म्हणतात: हाल्मॉनिरुल तोल्ब्वायो. एखाद्याचं खाणंपिणं, सामान, औषधं आठवणीने बघणं म्हणजे 'छेङ्गिदा'. आणि निघताना 'काळजी घे' म्हणायचं असेल तर 'चोशिमहासेयो', म्हणजे जपून, किंवा 'कॉन्गाङहासेयो', म्हणजे तब्येत चांगली ठेवा. यात कॉक्चॉङ हा शब्द कुठेच येत नाही.

कॉक्चॉङचे भाऊबंद थोडक्यात:

- कोमिन: निर्णय होत नाही, डोक्यात घोळतंय, अशी चिंता. नोकरी बदलू की नको, हे कोमिन. दुपारी काय खायचं, हेसुद्धा कोमिन. 'कोमिनी इस्सॉयो' म्हटलं की समजा, माणसाला बोलायचं आहे.
- यॉम्न्यॉ: कॉक्चॉङपेक्षा औपचारिक. 'यॉम्न्यॉ मासेयो' म्हणजे काळजी नसावी.
- शिम्न्यॉ: कंपन्यांच्या आणि नेत्यांच्या जाहीर माफीत ऐकू येतो. स्वतःच्या काळजीबद्दल वापरू नका.
- ऊर्यॉ: बातम्यांतला शब्द. 'पुराची भीती व्यक्त होत आहे' अशा वाक्यात. मैत्रिणीशी बोलताना नको.
- पूरान्हेयो: कारण सांगता येत नाही पण मन अस्वस्थ आहे.
- सोक्साङहेयो: जिवाला लागलंय, वाईट वाटतंय.

## ३. भावना सांगण्याआधी विचारा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे.

जेवणापासून सुरुवात करा. 'पाबुन मॉगॉस्सॉ?' म्हणजे 'जेवलास का?' मोठ्यांना 'शिक्साहाश्यॉस्सॉयो?' वयोवृद्धांना 'चिन्जी तुश्यॉस्सॉयो?' आपल्याकडेही दारात आलेल्याला जेवणाचं विचारतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका वाटत नाही. कोरियात तो पुष्कळदा नुसत्या नमस्काराच्या जागी येतो, त्यामुळे 'हो, जेवले' एवढं उत्तर पुरतं. परगावी राहणाऱ्या मुलीला आई फोनवर म्हणते, 'पाप चाल छेङ्ग्यॉ मॉगॉ', वेळेवर नीट जेवत जा. त्या वाक्यात तिची सगळी काळजी आली.

चेहरा उतरलेला दिसला तर. 'ऑल्गूरी आन जोआ बोयॉयो', चेहरा बरा दिसत नाही. 'फीगोने बोयॉयो', दमलेले दिसता. हे कोरियात उघडपणे बोलतात आणि त्यात टोचणी नसते.

इथे एक सापळा आहे. आपण कोणाला 'किती वाळलीस गं!' म्हणतो ते मायेने. कोरियनमध्ये 'सारी प्पाजॉन्नेयो', म्हणजे वजन उतरलंय, हे बऱ्याचदा कौतुक समजलं जातं आणि समोरची व्यक्ती 'थँक्यू' म्हणून मोकळी होते. आजारपणाने ओढलेल्या चेहऱ्यासाठी वेगळा शब्द आहे: 'हेल्स्सूखेजॉस्सॉयो'. तो वापरलात की काळजी आहे हे लगेच कळतं. वजनाचा विषय तसाही टाळलेलाच बरा.

काही झालंय का? 'मूसुन निल इस्सॉयो?' लिहिताना शब्द 'इल' असतो, पण आधीच्या 'न'मुळे उच्चार 'निल' होतो. लिहिलंय तसं तोडून वाचलंत तर समोरच्याला चटकन कळत नाही. बऱ्याच दिवसांनी बोलताना 'प्यॉल्लिल ऑप्ची?', म्हणजे सगळं ठीक ना, विशेष काही नाही ना.

कुठे दुखतंय का? 'ऑदी आफायो?' मोठ्यांना 'ऑदी फ्यॉन्छानुसेयो?'

आता उत्तराकडे लक्ष द्या. 'क्वेन्छानायो' असं उत्तर आलं म्हणजे सगळं ठीकच आहे असं नाही. ते 'ठीक आहे', 'चालेल', 'नको', 'राहू दे' या सगळ्यांसाठी वापरतात. एकदा हळूच परत विचारा: 'चॉङ्माल क्वेन्छानुसेयो?' म्हणजे खरंच ठीक ना? तरीही उत्तर 'आमूगॉत्तो आनिएयो', काही नाही हो, असं आलं तर तिथेच थांबा. तिसऱ्यांदा विचारू नका. त्याऐवजी दार उघडं ठेवा:

'हिम्दुन निल इस्सुम्यॉन ऑन्जेदुन्जी माल्हेयो.' काही जड जात असेल तर कधीही सांगा.

हे वाक्य मी अनेकांना लिहून दिलं आहे. यात दबाव नाही आणि दुरावाही नाही.

## ४. 'असं झालं तर?' म्हणायला शिका

स्वतःची धास्ती सांगायला दोन रचना पुरतात.

पहिली: '-ल्का ब्वा'. आपल्या 'की काय' या शब्दांशी ती बरीच जुळते. क्रियापदाच्या मुळाला जोडायची. मूळ व्यंजनात संपत असेल तर मध्ये 'उ' येतो.

- नुजुल्का ब्वा कॉक्चॉङ द्वेयो: उशीर होतो की काय, अशी काळजी वाटते.
- शिहॉमे त्तॉरॉजिल्का ब्वा कॉक्चॉङ द्वेयो: परीक्षेत नापास होते की काय, असं वाटतंय.
- ह्वानाश्यॉस्सुल्का ब्वा कॉक्चॉङहेस्सॉयो: तुम्ही रागावलात की काय, या काळजीत होते.

पुढे 'कॉक्चॉङ' आलंच पाहिजे असं नाही. त्या धास्तीने काय केलं तेही सांगता येतं: 'पीगा ओल्का ब्वा ऊसानुल काजॉवास्सॉयो', पाऊस येतो की काय म्हणून छत्री आणली.

पण या रचनेनंतर आज्ञा किंवा सूचना येत नाही. 'पाऊस येईल, छत्री घेऊन जा' हे वाक्य '-ल्का ब्वा'ने करू नका. तिथे '-ल्चिदो मोरुनिक्का' लागतं: 'पीगा ओल्चिदो मोरुनिक्का ऊसानुल काजॉगासेयो.' 'टोपिक' या कोरियन भाषेच्या परीक्षेची मधली पातळी गाठायची असेल तर हा फरक पक्का हवा, आणि रोजच्या बोलण्यात तर तो पदोपदी लागतो, कारण दुसऱ्याची काळजी करताना आपण सूचनाच जास्त देतो.

दुसरी: '-म्यॉन ऑत्तॉखाजी?' म्हणजे 'तसं झालं तर काय करायचं?' 'नुजुम्यॉन ऑत्तॉखाजी?' हे स्वतःशी किंवा जवळच्यांशी. आदराने बोलायचं तर '-म्यॉन ऑत्तॉखेयो?'

या 'ऑत्तॉखे'ला लिहिताना जपा. 'कसं' या अर्थाचा शब्द आणि 'आता काय करू' या अर्थाचा शब्द ऐकायला जवळजवळ सारखे, पण हांगुलात वेगळे लिहिले जातात. कोरियन लोकांचीही इथे चूक होते. दुसरा शब्द वाक्याच्या शेवटी किंवा एकटाच येतो, पहिल्यापुढे क्रियापद लागतं. एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

धास्ती फार असेल तर 'चोमाजोमाहेयो', जिवाची घालमेल होते. 'सोगी थायो', आतून जळतंय. निकालाची किंवा फोनची वाट बघताना हे शब्द येतात. काळज्यांचा डोंगर असेल तर 'कॉक्चॉङी थेसानिएयो'. यातला 'थेसान' म्हणजे चीनमधला ताई पर्वत. आणि जवळच्यांत 'कॉक्चॉङ द्वे जूक्केस्सॉयो', काळजीने मरायची वेळ आली. कोरियनमध्ये भूक, झोप, थंडी सगळ्याला हे 'जूक्केस्सॉयो' लावतात, त्यामुळे ते ऐकून घाबरू नका.

## ५. समोरचा बोलू लागला की

मराठी माणूस लगेच उपाय सांगायला धावतो: अमक्या डॉक्टरांकडे जा, तमकं कर. कोरियात आधी ऐकल्याची खूण द्यावी लागते. छोटे हुंकार पुष्कळ चालतात.

- आइगो: अरेरे, अगं बाई.
- ऑत्तॉखे: आता गं काय! इथे हा प्रश्न नाही, सहानुभूती आहे. मैत्रिणीचा फोन हरवला की एवढाच शब्द पुरतो.
- हिम्दुशिगेस्सॉयो: फारच जड जात असेल तुम्हाला.
- कॉक्चॉङी मानुशिगेस्सॉयो: फार काळजीत असाल.

शेवटच्या दोन्हींत 'गेस्सॉयो' आहे. ते लावलं की 'तसं असणार, असं मला वाटतं' हा भाव येतो. 'तुम्हाला जड जातंय' असं ठामपणे दुसऱ्याच्या मनातलं सांगणं कोरियन कानाला खटकतं. दुसऱ्याच्या भावनेबद्दल बोलताना 'गेस्सॉयो' लावायची सवयच करून घ्या.

## ६. कोणी आजारी असेल तर

- फूक श्वीसेयो: भरपूर विश्रांती घ्या.
- मोम्जोरी जाल्हासेयो: तब्येतीची नीट निगा राखा. बाळंतपण, शस्त्रक्रिया, मोठं आजारपण यांनंतर हे फार ऐकू येतं.
- प्पाल्ली नाउसेयो: लवकर बरे व्हा.
- ख्वेछाहाशिगिल पारामनिदा: लवकर बरे व्हावेत ही इच्छा. वरिष्ठांना, लेखी संदेशात.
- आफुजी मा: आजारी पडू नकोस. ऐकायला हुकूम वाटेल, पण हे फक्त जिवाभावाच्या माणसाला म्हणतात.

'नाउसेयो' लिहिताना थांबून बघा. 'ना' या अक्षराखाली चुकून 'हिउत', म्हणजे 'ह'चं अक्षर, लावलंत तर 'बरे व्हा'चं 'बाळाला जन्म द्या' होतं. उच्चार अगदी तोच, त्यामुळे कानाला कळत नाही, पण संदेशात लगेच दिसतं.

भेटायला जाताना 'चूक' नेतात, म्हणजे तांदळाची मऊ पेज. 'चॉन्बोक्चूक' ही एका सागरी गोगलगाईची पेज आजाऱ्यासाठी खास समजली जाते, आणि चूकची स्वतंत्र दुकानंही असतात. डबा हातात देऊन एक वाक्य बोलायचं: 'इगॉ तुशिगो प्पाल्ली नाउसेयो', हे खा आणि लवकर बरे व्हा. भाषा कच्ची असली तरी हे पोचतं.

## ७. धीर देताना

'कॉक्चॉङहाजी मासेयो', काळजी करू नका. जवळच्याला 'कॉक्चॉङ मा'. चांगलं वाक्य आहे, पण साहेब कामाच्या काळजीत असतील तेव्हा ते नुसतं म्हणू नका. तिथे 'चेगा ह्वागिन्हे बोगेत्सुम्निदा', मी बघून घेते, हे जास्त धीर देतं. कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे वाक्य आजच पाठ करावं.

'मूरिहाजी मासेयो', फार ताण घेऊ नका, हे बरोबरीच्यांना ठीक. वरिष्ठांना आज्ञेसारखं वाटू नये म्हणून इच्छेच्या रूपात सांगा: 'नॉमू मूरिहाजी आनुश्यॉस्सुम्यॉन चोखेस्सॉयो', फार ओढून घेतलं नाहीत तर बरं वाटेल. लांब आहे, पण '-स्सुम्यॉन चोखेस्सॉयो' हा साचा एकदा बसला की मोठ्यांना काहीही मायेने सुचवता येतं.

'हिम्नेसेयो', बळ आणा, उमेद धरा. परीक्षेच्या, स्पर्धेच्या आधी छान. फार खचलेल्या माणसाला मात्र हे एकटं पुरत नाही; आधी 'हिम्दुशिगेस्सॉयो' म्हणा.

नोव्हेंबरमध्ये तिथे विद्यापीठ प्रवेशाची 'सूनुङ' परीक्षा असते. त्या दिवसांत घराघरात हीच काळजी. 'त्तॉरॉजिदा' म्हणजे पडणे आणि नापास होणेही, म्हणून परीक्षार्थीसमोर तो शब्द टाळतात. समुद्री शेवाळाचं 'मियॉक्कूक' हे सूप निसरडं, म्हणून परीक्षेच्या दिवशी बरेच जण ते खात नाहीत. याउलट चिकट 'यॉत' आणि 'छाप्साल्त्तॉक' भेट देतात, कारण 'चिकटणे' आणि 'पास होणे' यांना एकच क्रियापद आहे. शेजारच्या मुलाची परीक्षा असेल तर असा एक डबा द्या आणि म्हणा, 'चाल बोल क्कॉयेयो', पेपर चांगला जाईल.

'कॉक्चॉङ्दो फाल्चा' ही म्हण ऐकाल. 'काळजी करणं हे तुझ्या नशिबातच दिसतंय' असा तिचा सूर आहे. जिवलग मित्रांत ठीक, मोठ्यांना कधीच नको.

## ८. निरोप घेताना आणि लिहिताना

रात्री उशिरा पांगताना: 'चोशिम्ही दुरॉगासेयो', जपून घरी जा. मैत्रिणीला पुढे जोडा: 'तोछाखाम्यॉन यॉल्लाखे', पोचलीस की कळव. मग ती खरंच कळवते, आणि तुम्हीही कळवायचं असतं. हे विसरलात तर समोरचं माणूस जागं राहतं. ऋतू बदलताना 'ह्वान्जॉल्गीए कॉन्गाङ चोशिमहासेयो', हिवाळ्यात 'काम्गी जोशिमहासेयो', सर्दीला जपा. पत्राच्या किंवा ईमेलच्या शेवटी ही वाक्यं अगदी शोभतात.

काकाओटॉक २०१० साली सुरू झालं आणि आता बहुतेक निरोप त्यावरच येतात. तिथे 'यू' हा स्वर शेजारी शेजारी दोनदा लिहिला की रडणारे डोळे दिसतात. मित्राला काळजीच्या वाक्यानंतर ते चालतात, वरिष्ठांना नाही. 'ख' हे हसण्याचं अक्षर मात्र काळजीच्या संदेशात एकदाही येऊ देऊ नका.

## ९. कोणी तुमची काळजी केली तर

'कॉक्चॉङहे जूश्यॉसॉ कामसाहाम्निदा', काळजी केलीत, आभारी आहे. आपल्यामुळे कोणाला घोर लागला असेल तर 'कॉक्चॉङ क्कीछॉ दुर्यॉसॉ च्वेसोङहाम्निदा', तुम्हाला काळजीत टाकलं, माफ करा. आपल्याकडे घरच्यांचे आणि जवळच्यांचे आभार मानायची पद्धत नाही, त्यामुळे हे बोलायचं राहून जातं. कोरियात ते बोलावंच लागतं. सगळं नीट पार पडलं की 'ताहेङइएयो', चला, सुटलो, बरं झालं. आधी विचारपूस करणाऱ्याला ही बातमी स्वतःहून द्या.

## १०. खरोखर बाका प्रसंग आला तर

भारतात ११२ हा सगळ्या संकटांसाठी एकच क्रमांक आहे. कोरियात ११२ म्हणजे पोलीस. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ११९ लावा, त्याचा उच्चार 'इरिल्गू'. व्हिसा आणि वास्तव्याच्या अडचणींसाठी परदेशी नागरिकांना १३४५ हा क्रमांक आहे, तिथे अनेक भाषांत बोलता येतं.

वर सांगितलेलं 'जूक्केस्सॉयो' बोलण्याची लकब आहे. पण कोणी 'चूक्को शिफॉयो', म्हणजे मरावंसं वाटतंय, असं म्हणालं तर ते लकब समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि १०९ लावा. आत्महत्या रोखण्यासाठी कोरियात २०२४ पासून हा एकच क्रमांक आहे.

ही पाच वाक्यं हांगुलात लिहून फोनमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा मोठ्याने वाचा:

- तोवाजूसेयो: मदत करा.
- इरिल्गू पूल्लॉ जूसेयो: ११९ ला बोलवा.
- सारामी स्सुरॉजॉस्सॉयो: माणूस कोसळलाय.
- सूमुल आन श्वीऑयो: श्वास घेत नाही.
- प्पाल्ली वा जूसेयो: लवकर या.

पत्ता सांगताना अडखळू नये म्हणून घराचा, वसतिगृहाचा आणि कामाच्या जागेचा कोरियन पत्ताही त्याच पानावर लिहून ठेवा.